टोपणभर परसाद

कांद्याची पात वाळायला लागली की मला राग येतो.

लोकांना त्या वासानं बरं वाटतं. थंडीतली लागण, पाण्याच्या पाळ्या, निंदणी, सगळी मेहनत वावरात आडवी पडलेली दिसते, बाया गाणी म्हणत कापायला बसतात. मला तो वास आला की माझे दातावर दात बसतात. म्हातारपणी राग कमी होतो म्हणतात. कोणाचा होत असंल. माझा आत्ता कुठं मोकळा झाला.

उन्हाळ कांदा काढायची रीत अशी हाय. उपटायचा, ओळीनं मांडायचा, आन् एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर पांघरायची. म्हंजी ऊन कांद्याला भाजत नाय. तीन-चार दिवस तसाच झाकून ठेवायचा. मान सुकली की मंग बोटभर मान ठेवून कापायचा. हे मला सासूबाईंनी शिकवलं. लगीन होऊन आले तव्हा पंधरा वर्षांची होते, तिसरीतून शाळा सुटलेली. त्या म्हणायच्या, "पोरी, झाकायला शीक. ज्या बाईला झाकता येतं तिचं घर टिकतं." मला वाटायचं कांद्याचंच सांगू राहिल्या.

पुढं कळलं. माझे मालक, सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा, बाटली त्याच पातीखाली ठेवायचे. मी कापत कापत पुढं सरकायची, पात उचलायची, आन् कांद्यांच्या मधी काच हाताला लागायची. उन्हानं तापलेली. मी काय करायची? परत पात टाकायची तिच्यावर. बाजूच्या ओळीत मजुरीच्या बाया असायच्या ना. त्यांना दिसू नये.

तर आता तेच दिवस आलेत. चैत सरत आला, चांदवडच्या रस्त्यानं कांद्याचे ट्रॅक्टर रांगेनं चाललेत, नातीची परीक्षा चालू हाय आन् आखाजी आठ दिवसावर आलीय. तिन्ही गोष्टी दरवर्षी एकदमच येतात. आन् मला गेल्या सालचा उन्हाळा परत दिसायला लागतो, जसा आत्ता पुढ्यात घडू राहिलाय.

*

आखाजी, म्हंजी अक्षय्य तृतीया, आमच्याकडं पितरांची. घागर भरायची, पुरणपोळी करायची, आमरस करायचा. आन् जेवायच्या आधी चुलीतले लाल निखारे पुढं ओढून त्यावर घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. घास जळून धूर वर गेला की पितर जेवले. आता घराघरात गॅस हाय, पण आखाजीला आमच्याकडं चूल पेटतेच.

माझी सासरची पहिली आखाजी मला लख्ख आठवती. सासरे म्हंजी मामंजी त्याच्या आदल्या साली गेलेले. कसे गेले तर "ऊन लागलं." लग्न ठरवायला आले तव्हा माझ्या बापालाबी हेच सांगितलं. घरात आल्यावर शेजारणीकडून कळलं, हातभट्टीची पिऊन भर दुपारी बांधावर पडले ते उठलेच नाय. ऊन लागलं हे खोटं नाय, ऊन लागलंच असंल. पण उन्हात का पडले ते कोणी सांगत नाय.

त्या आखाजीला सासूबाईंनी पोळीचा घास टाकला, रस टाकला, आन् मंग पदराखालून बाटली काढली. नानांच्या हातात दिली. विशीतले होते ते, मिसरूड नुकतं जाड झालेलं. म्हणल्या, "बापाला जे आवडायचं ते द्यावं. नायतर जीव घुटमळतो त्याचा." नानांनी डोक्यावर टोपी घातली, हात जोडले आन् निखाऱ्यावर धार धरली. भक्कन जाळ झाला. निळा. माझे डोळे दिपले. सासूबाई म्हणल्या, "पावले गं बाई, पावले." रडायलाच लागल्या.

आन् उरलेली? उरलेली फेकायची नाय. पितराचं उष्टं म्हंजी परसाद. टोपणभर टोपणभर सगळ्या बाप्यांनी घ्यायचा. नाना नको म्हणत होते. तोंड वाकडं केलं त्यांनी, मी पाहिलं. सासूबाई म्हणल्या, "परसादाला नाय म्हणू नये, बाबा."

लोक म्हणतात संगतीनं बिघडले. मार्केटात कांदा घेऊन जायचे, तिथल्या दोस्तांनी लावली. खोटं हाय. पहिला घोट त्यांनी आईच्या हातचा घेतला. चुलीपुढं. टोपी घालून. हात जोडून.

*

पुढलं सगळं सांगत बसत नाय. ज्या बायांनी भोगलंय त्यांना सांगायची गरज नाय, आन् ज्यांनी नाय भोगलं त्यांना गोष्ट ऐकल्यागत वाटतं, च्च च्च करतात. मारलं का? मारलं. उपाशी राहिले का? राहिले. माणूस वाईट होता का? नव्हता, आन् ह्याचाच राग जास्ती येतो. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. द्राक्षाची काडी बघून सांगायचे ह्या डोळ्याला घड येईल, ह्याला नाय. चुकायचे नाय. लेकाला खांद्यावर बसवून तळेगावच्या बाजारातून आणायचे. आन् त्याच हातांना शेवटी शेवटी काडी धरवत नव्हती, थरथर थरथर.

शेवटचा उन्हाळाबी हाच, कांद्याचा. निंबाखाली खाट टाकलेली. डोळे हळदीसारखे, पोट फुगून मडकं झालेलं, पाय सुजलेले. मी तिथंच पुढ्यात कांदा कापायला बसायची. दुसरं कोण कापणार? कापत असताना ते खाकरले आन् वाळलेल्या पातीवर रक्त ओकले. भांडंभर. मी विळा खाली ठेवला, त्यांचं तोंड पुसलं, ती पात गोळा केली आन् गुरांनी तोंड लावू नये म्हणून लांब खड्डा करून पुरली. मंग येऊन परत कापायला बसले. ओळ अर्धी राहिली होती.

गेले तव्हा दारात माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "काय झालं होतं?" आन् मी, मी स्वतः, माझ्या ह्या तोंडानं म्हणले, "काविळ."

सासूबाईंनी ऊन केलं. मी काविळ केली. आमच्या घरात दारूनं कोणी मेलंच नाय बघा.

सोमनाथ, माझा लेक, चौदा वर्षांचा होता तव्हा. त्यानं सगळं पाहिलेलं. बापाला गटारीतून उचलून आणलेलं त्यानं. पण पुढं तोबी काविळच म्हणायला लागला. फोटो मोठा करून भिंतीला लावला, हार घातला. आन् पहिल्या आखाजीला मी चुलीपुढं बसले, घास टाकला, आन् सोमनाथला म्हणले, "जा रे, कोपऱ्यावरून एक क्वार्टर आण. तुझ्या बापाला आवडायची."

हे लिहून ठेवा. मी म्हणले. मला कोणी बळजबरी केली नव्हती.

*

सोमनाथ पीत नाय. वर्षातून एकदा आखाजीचा परसाद, टोपणभर, बास. म्हणून त्याला वाटतं दारू म्हंजी सुधारलेल्या माणसाला काय करत नाय. भाग्य म्हणा त्याचं. ओल्या मानेचा कांदा सडतो, पण सगळ्याच कांद्याची मान ओली नसती.

त्याची पोरगी कोमल. माझी नात. पाच वर्षांची असल्यापासून आखाजीला हट्ट करायची, "मी ओतणार, मी ओतणार." तिला तो निळा जाळ बघायचा असायचा. तिचा बाप बाटली धरायचा, ती त्याच्या हाताला धरायची, धार सोडायची, भक्कन झालं की टाळ्या पिटायची. "नानाआजोबा जेवले, नानाआजोबा जेवले!" एकदा तिनं खाली पडलेलं टोपण उचललं आन् चाटलं. तोंड असं आंबट केलं, मंग परत चाटलं. आमचे चुलत दीर रामभाऊ दरवर्षी परसादाला न चुकता हजर. ते मांडीवर थाप मारून म्हणले, "आरं तिच्या! नानाचं रक्त हाय गड्या!"

सगळे हसले. सोमनाथ हसला, तिची आई मंगल हसली. मी पदर तोंडाला लावून हसले.

आता रात्रंदिवस ते हसू मला ऐकू येतं. मला वाटतं तेव्हाच चुलीतलं लाकूड काढून रामभाऊच्या तोंडात घालायला पाहिजे होतं. आन् आधी माझ्या.

*

गेल्या सालच्या चैतात कोमल पंधरा दिवस घरी आली. नाशिकला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तीन पोरींबरोबर खोली घेऊन राहायची. परीक्षेच्या आधी अभ्यासाची सुट्टी मिळते म्हणली. आम्ही कांदा कापायचो आन् ती शेडच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायची. जवळ थंड्याची बाटली, काळी. घोट घोट प्यायची.

दुपारी मला लय तहान लागली. हंडा लांब होता. तिच्याकडं गेले, म्हणले, "दे गं घोटभर."

"नको आजी, गरम झालंय ते. मी पाणी आणते तुला."

आन् तिनं बाटली छातीशी धरली. एवढंच. दोन्ही हातांनी, खांदे पुढं करून, जसं कोणी लेकरू हिसकावू राहिलंय.

मी तसंच धरताना एकाच माणसाला पाहिलंय. पोरीचं तोंड नाय दिसलं मला, नानाच दिसले, निंबाखाली.

"आण इकडं."

"आजी, काय झालं?"

"आण म्हणते ना!"

वास घेतला. द्राक्षाचा वास होता, पण आंबलेला.

"वाईन हाय आजी," ती म्हणली. हळूच, पण भ्यायली नव्हती. "दारू नाय ती. द्राक्षाचा रस असतो. आपल्याच भागातली द्राक्षं जातात, विंचूरला कारखाने हायेत की. डॉक्टरबी घेतात."

"मंग डॉक्टरला पाज. थंड्याच्या बाटलीत का भरलीस?"

तिनं पुस्तक मिटलं.

"रोज पितीस?"

"रोज नाय गं. मैत्रिणीच्या बड्डेला मळ्यातल्या हॉटेलात गेलो होतो, तिथं सगळ्यांनी घेतली. मंग कधी कधी. पेपर आले की टेन्शन येतं, झोप लागत नाय. कॉलेजात सगळेच घेतात, आजी. तुला माहिती नाय. आता तसं काय राहिलं नाय."

"सगळ्यांचे आजे रक्त ओकून मेले का?"

"कोण? नानाआजोबा? त्यांना तर काविळ झाली होती ना?"

आन् माझं तोंड बंद झालं. तोंडात आलं होतं, पार जिभेवर. पण इतक्या वर्षांची सवय. मी म्हणले, "तुझ्या बापाला सांगते."

तशी ती रडायला लागली. "आजी, पप्पांना नको. ते कॉलेज सोडवतील. लगेच पाहुणे बघतील. तुझ्या पाया पडते."

खरंच होतं ते. वरच्या आळीतल्या एका पोरीचं असंच केलं होतं, तिनं तर नुसता सिनेमा पाहिला होता. पोरगं पिऊन आलं तर बाप म्हणतो वय हाय, सुधरेल. पोरगी प्यायली तर दाराला कुलूप. दारूचा राग कोणालाच येत नाय, बाईचा येतो.

मंग मी काय केलं? बाटली मातीत ओतली. ढेकळानं सगळी शोषून घेतली. रिकामी बाटली घेतली आन् पातीखाली सारली. पोरीला म्हणले, "डोळे पूस. मंगल येऊ राहिली भाकरी घेऊन."

संध्याकाळी हात धुताना ध्यानात आलं. परत झाकलं मी.

*

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाय. पोरगी माझ्या मागं मागं करायची, "आजी, मी सोडली, खरंच सोडली, तुझी शपथ." नानाबी माझीच शपथ घ्यायचे. माझ्या डोक्यावर हात ठेवून. माझं डोकं अजून जाग्यावर हाय ही पांडुरंगाची कृपा.

एक गोष्ट तिनंच सांगितली, बोलता बोलता. कॉलेजात तपासणी झाली होती, फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं, घरात कोणाला दारूचं व्यसन होतं का. तिनं लिहिलं, नाय. मंग मॅडम पुढच्या पोरीकडं गेल्या. ज्यांनी हो लिहिलं होतं त्यांना बसवून घेतलं, समजावलं, म्हणे असल्या घरातल्या पोरांनी एक घोटबी घ्यायचा नाय, त्यांना लवकर लागते. हिला कोणी सांगितलंच नाय.

म्हंजी बघा. सांगायला माणूस बसलं होतं. माझ्या काविळीनं तिला तिथून उठवलं.

आखाजीचा दिवस उजाडला. मंगलनं पुरण वाटलं, आंबे पिळले. रामभाऊ अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, दहा वाजताच ओट्यावर येऊन बसले. सोमनाथनं क्वार्टर आणली आन् फोटोपुढं ठेवली. निखारे ओढले. पोळीचा घास टाकला, रस टाकला, भजं टाकलं.

"ये गं कोमल," सोमनाथ म्हणला. "तुझं काम."

ती आली. वीस वर्षांची पोरगी, डोक्यावर ओढणी घेतलेली. तिनं बाटली उचलली, आन् माझ्याकडं पाहिलं. झाकण फिरवताना तिची बोटं थरथरत होती. वासानं का भीतीनं, मला काय माहिती. मला फक्त बोटं दिसली.

मी उठले. गुडघ्यात कळ आली पण उठले. तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

"आई, काय करू राहिली?" सोमनाथ म्हणला.

"तुझा बाप काविळीनं मेला नाय," मी म्हणले. "दारूनं मेला. हिच्यानं." बाटली वर धरली. "आन् तुझा आजा उन्हानं मेला नाय. तोबी हिच्यानंच मेला. जिनं दोघांना मारलं तिला आपण दरवर्षी पोळीसंगं मान देतो."

रामभाऊ ओट्यावरून म्हणले, "वहिनी, सणाचा दिवस हाय. गेलेल्या माणसाबद्दल असं..."

"तुम्ही परसादाला आलात ना भाऊजी? आज परसाद नाय. पुरणपोळी खायची तर बसा, नायतर चपला तिकडं हायेत."

"आई!" सोमनाथचा आवाज चढला. "चारचौघात बापाची इज्जत घालवतीस?"

"इज्जत? गटारीतून तू उचलून आणला त्याला, तव्हा इज्जत कुठं होती रे? मी झाकली म्हणून होती. मी होते इज्जत. आता मी नाय झाकत."

निखारे तडतडत होते. आन् तेवढ्यात कोमल म्हणली, "पप्पा, मी पण घेते."

मी तिला सांगायला लावलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर नसतं सांगितलं, मरेपर्यंत नसतं सांगितलं.

सोमनाथला आधी कळलंच नाय. मंग कळलं तसा हात उचलला त्यानं. मंगल ओरडली. मी मधी गेले. माझ्या लेकाचा हात माझ्या तोंडापासून वीतभर लांब थांबला. अगदी बापासारखा हात हाय त्याचा, रुंद.

"मार," मी म्हणले. "पण आधी मला मार. तिच्या हातात पहिली बाटली तू धरलीस, मी बघत बसले. पाच वर्षांच्या लेकरानं टोपण चाटलं तव्हा हसला होतास. तव्हा का नाय उचलला हात?"

"कॉलेज बंद. उद्याच्या उद्या सामान आणतो हिचं."

"कॉलेज बंद केलं तर ती घरात बसून पिल. तुझा बाप घरातच पीत होता. परीक्षा देईल ती. आन् परीक्षा झाली की मी तिला दवाखान्यात घेऊन जाणार. तू येतो का नाय ते तुझं तू बघ."

तो पाय आपटत मळ्यात निघून गेला, उपाशी. रामभाऊबी उठले. आन् बाटली? ती मी न्हाणीच्या मोरीत ओतली. चुलीत नाय. जाळाचासुद्धा मान नाय द्यायचा तिला.

त्या सणाला आमच्या घरात पुरणपोळ्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मंगलनं शेजाऱ्यांना वाटल्या. शेजाऱ्यांनी खाल्ल्या आन् आठवडाभर आमच्याच घरावर बोलले. बोला म्हणावं. खाऊन बोला.

*

परीक्षा झाली तशी आम्ही दोघी एसटीनं नाशिकला गेलो. सरकारी दवाखाना, लाकडी बाकडी, फिनेलचा वास. चुना लावलेल्या भिंती बघून मला नानांची आठवण झाली, त्यांना आणलंच नव्हतं मी इथं. आणलं असतं तर लोकांना कळलं असतं ना.

डॉक्टरीण पोरगीच होती, कोमलहून पाच-सात वर्षांनी मोठी. कागद पुढं ओढला. विचारलं, "घरात कोणाला दारूचं व्यसन होतं?"

कोमलनं माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची पुढं सरकवली. म्हणले, "लिहा बाई. हिचा पणजा, दारूनं गेला. हिचा आजा, माझा नवरा, दारूनं गेला. हिच्या आजीनं हिच्या हातानं दारू ओतून घेतली, पंधरा वर्षं. तेबी लिहा."

"आजी, तसा रकाना नाहीये," डॉक्टरीण म्हणली.

"मंग बाजूला लिहा."

लिहिलं तिनं. मला वाचता आलं नाय, पण लांबलचक लिहिलं. मंग कोमलशी बोलत बसली, मला बाहेर बसवलं. तासभर. दर पंधरा दिवसांनी जायचं ठरलं. बाहेर पोरं दिसायची, कॉलेजातलीच, पाठीवर दप्तर, कानात वायरी. चांगल्या घरची. कोणाची आई बरोबर, डोळे खाली घातलेले. मला त्या आयांचा लय राग आला. मान वर करा की! तुम्ही काय चोरी केलीय का? मंग आठवलं, मीबी तशीच मान घालून उभं आयुष्य काढलं.

सोपं झालं का? नाय झालं. दिवाळीनंतर एकदा घसरली. तिनंच फोन करून सांगितलं, रडत. सोमनाथ चार दिवस तिच्याशी बोलला नाय, पाचव्या दिवशी कांद्याची रोपं घेऊन येतो म्हणून निघाला आन् थेट तिच्या खोलीवर गेला. काय बोलले दोघं मला माहिती नाय. रोपं काय आणली नाय त्यानं.

परवा मला म्हणला, "आई, आखाजीला यंदा बापाला काय द्यायचं मंग?"

"पाणी दे," मी म्हणले. "घागरभर दे. शेवटी पाणी पाणी करत होता तो, आन् पोटात राहत नव्हतं."

माझ्या ह्या बोलण्यावर तो उठून गेला. रागानं गेला का रडायला, मी बघायला गेले नाय. चाळिशीच्या पुढच्या माणसाला आपलं आपण रडू द्यावं.

*

काल दिवस मावळतीला गेला तरी कांदा कापायचा राहिला होता. मी एकटीच होते वावरात, बाया घरी गेलेल्या. फोन वाजला. कोमल.

"आजी, काय करू राहिली?"

"नाचू राहिले. कांदा कापतीय, दुसरं काय. पेपर कसा गेला?"

"चांगला गेला. दोन राहिले आता." मंग म्हणली, "सगळ्या गेल्या आजी. एकीचा बड्डे हाय. मी नाय गेले. खोलीवर एकटी हाय."

"बरं केलं."

"बरं कुठं केलं. इथं फ्रिजमधी त्यांची ठेवलेली हाय. अर्धी. मला दिसू राहिली."

माझ्या हातातला विळा थांबला. चांदवड ते नाशिक किती लांब, एसटी कितीला, लेकाला गाडी काढायला सांगू का, सगळं डोक्यात आलं. पोहचेपर्यंत काय राहिलं असतं?

"ओतून दे."

"हात लावला तर ओतणार नाय मी, आजी. माहिती हाय मला."

"मंग हात नको लावू. खोलीच्या बाहेर जा. जिन्यात बस."

दाराचा आवाज आला. "बसले."

"मी सोमनाथला लावून देते गाडी घेऊन."

"लाव. पण तोवर फोन ठेवू नको. बोल काहीतरी."

"काय बोलू बाई मी? मला काय येतंय बोलायला?"

"शिव्या दे."

"कोणाला?"

"कोणालाबी. मला दे. तू चिडली की मला बरं वाटतं."

शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक मारली, सोमनाथला निरोप धाडला. मंग फोनचा आवाज मोठा केला, कांद्याच्या ढिगावर ठेवला आन् सुरू झाले. पहिल्यांदा मामंजी घेतले, ज्यांचं तोंडबी मी पाहिलं नाय. मंग सासूबाई, परसादवाल्या. मंग रामभाऊ, त्यांना तर पार उभं आडवं केलं, पलीकडं कोमल हसली. मंग नाना. त्यांच्यावर आले तसा माझा आवाज चिरला, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे म्हणले, मेल्या म्हणले, भाड्या म्हणले. बांधावरच्या निंबावरची पाखरं उडाली. मंग मी स्वतःला घेतलं. स्वतःला लय दिल्या. मंग तिलाबी दिल्या, गधडे, सटवे, एवढी शिकतीस आन् बाटलीला भितीस.

बोलून बोलून घसा कोरडा पडला. दम लागला. मी जरा थांबले.

"आजी," ती म्हणली, "पप्पा अजून आले नाय."

मी पदरानं तोंड पुसलं, फोन जवळ ओढला, आन् पहिल्यापासून सुरू केलं.